सहाव्या खिडकीचा परवाना

खिडक्या बदलायच्या तर नुसतं मिस्त्रीला बोलावून भागत नाही, आधी परवाना काढावा लागतो, हे कळलं तेव्हा ताई वैतागल्या नाहीत. उलट हरखल्या. परवाना मागायला आधी स्वतःचं घर असावं लागतं, आणि बावीस वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढल्यावर याच वर्षी त्यांचं स्वतःचं घर झालं होतं. जुनं, बैठं, चार खोल्यांचं. पण स्वतःचं.

ताई पडदे शिवायच्या. दुसऱ्यांच्या खिडक्यांचे. दारातून नुसती नजर टाकली की खिडकीची रुंदी-उंची सांगायच्या, आणि मग टेप लावला तर बोटभर फरक निघायचा नाही. अख्ख्या गावाच्या खिडक्या सजवल्या, पण स्वतःच्या घरी मशीनपुढे बसायच्या ते भिंतीकडे तोंड करून. आता पाच खिडक्या मिळाल्या होत्या. पाचही कामातून गेलेल्या.

समुद्र हाकेच्या अंतरावर. तिथली हवा म्हणजे पिळायचं राहिलेलं फडकं. डबीत मिठाचं पाणी व्हायचं, काडेपेटीतली काडी पेटायची नाही, कपाटातल्या चपलांना हिरवी बुरशी यायची. लाकडी चौकटी फुगून बसल्या होत्या. दोन खिडक्या उघडत नव्हत्या, एक मिटत नव्हती. भिंतींवर काळे डाग चढत चालले होते. आणि या सगळ्यात मुलीचा दमा.

मुलगी बारा वर्षांची, अंगानं शेवग्याच्या शेंगेसारखी, म्हणून घरात तिला शेंगच म्हणत. आधी दोन छोटे श्वास आत, मग शिट्टी वाजावी तसा एक लांब श्वास बाहेर. दमा उठला की तिच्या श्वासाची चाल ही अशी. ताई तीन खोल्यांपलीकडून ती ओळखायच्या. डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, "औषध मी देईन, हवा मात्र तुम्हालाच द्यावी लागेल. भिंती वाळवा, खोलीत वारा खेळू द्या."

म्हणून ताई इस्त्रीचे कपडे घालून, कागदांची पिशवी पोटाशी धरून बांधकाम कार्यालयात गेल्या. खिडक्यांच्या परवान्यासाठी त्यांना चार खिडक्यांपुढे उभं राहावं लागलं. चौथ्या खिडकीत जाड भिंगांचा एक कारकून बसला होता. माणूस रखरखीत, पण कामात चोख.

"काच वाऱ्याचा दाब सोसणारी हवी," तो बोटांवर मोजत म्हणाला. "चौकटीचं भोक मोठं करायचं असेल तर वरच्या तुळईचा नकाशा वेगळा द्यायचा. आणि झोपायच्या प्रत्येक खोलीला एक तरी पूर्ण उघडणारी खिडकी हवीच. किती आहेत?"

"पाच."

त्यानं घराचा जुना नकाशा काढला, ओल्या हवेनं मऊ पडलेला, आणि टेबलावर पसरला. बोट फिरवत मोजलं. मग परत मोजलं.

"ताई, सहा आहेत."

"अहो, मी पडदे शिवते. खिडक्या मोजताना माझी चूक व्हायची नाही."

"मग ही कुठली?" त्यानं बोट ठेवलं. मागची खोली, उत्तरेची भिंत. शेंगेची खोली. तिला तर खिडकीच नव्हती, आणि त्याचीच ताईंना काळजी होती. नकाशात मात्र त्या भिंतीत खिडकीची खूण होती आणि शेजारी पेन्सिलीनं बारीक अक्षरात काही लिहिलं होतं. कारकुनानं भिंगं वर केली आणि वाचलं.

"'आतून विनंती आल्यावरून बंद.'"

"आतून म्हणजे?"

"घरातून, असंच असणार. घरमालकानं मागितलं असेल." त्यानं ती ओळ परत वाचली. "एरवी आम्ही 'अर्जदाराच्या विनंतीवरून' असं लिहितो. असो. नकाशात आहे म्हणजे नवी परवानगी नको. उघडायची तर उघडा. सहाचा परवाना देऊ?"

"द्या की!" ताई एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या की मागची रांग हसली.

घरी येईपर्यंत त्या जवळजवळ धावतच होत्या. फुकटात एक अख्खी खिडकी! तीही नेमकी लेकीच्या खोलीत!

त्यांचे यजमान बर्फाच्या कारखान्यात कामाला होते. माणूस गार डोक्याचा, कारखान्यातले लोक त्यावरूनही चेष्टा करायचे. त्यांनी उत्तरेच्या भिंतीवर टिचक्या मारल्या. ठक, ठक, ठक... आणि मग एकदम, बोद. मधे पोकळ होतं.

"अगं, खरंच की," ते म्हणाले.

"मला माहीत होतं," पलंगावरून शेंग म्हणाली. तिची उशी त्याच भिंतीला टेकलेली असायची. "ती भिंत श्वास घेते, आई. मला दम लागला की मी तिला कान लावते. ती हळूऽऽ घेते, हळूऽऽ सोडते. मग माझापण हळू होतो."

नवराबायकोनं एकमेकांकडे पाहिलं. आजारी पोरं काहीबाही बोलतात. ताईंनी तिच्या केसांतून हात फिरवला आणि टेप आणायला गेल्या.

दोन दिवसांनी मिस्त्री आला. साठीचा, बोलघेवडा, खिशात लेव्हल आणि कानाला पेन्सिल. आल्या आल्या त्यानं ताईंची शाळाच घेतली.

"लाकूड विसरा. इथं ते दरवर्षी फुगणार. ॲल्युमिनियम घ्याल तर घाम फुटेल त्याला, सगळं पाणी भिंतीत. यूपीव्हीसी बसवू, कडक प्लास्टिकच्या चौकटी. खालच्या पट्टीला बाहेरच्या बाजूनं उतार आणि चौकटीला पाणी निघून जायची बारीक भोकं. ती भोकं कुणी हौसेनं बुजवायची नाहीत, बरं का! आणि भिंत कोरडी झाल्याशिवाय मी फटी बुजवायचं सीलंट लावत नाही. ओल्या भिंतीवर लावलं की वर्षात सुटलं म्हणून समजा. चार दिवस सलग ऊन पाहिजे."

"काका, तुम्ही म्हणाल तसं," ताई म्हणाल्या. त्यांनी सगळं वहीत उतरवून घेतलं, भोकांचं चित्रसुद्धा काढलं.

मग मिस्त्रीनं ओल मोजायचं यंत्र काढलं, दोन टाचण्यांचं, आणि ते भिंतीला टोचत फिरू लागला. बाहेरची खोली, स्वयंपाकघर, सगळीकडे ते यंत्र कोकलत होतं. मागच्या खोलीत त्यानं ते उत्तरेच्या भिंतीवर मधोमध टेकवलं. यंत्र गप्प. त्यानं ते झटकलं, स्वतःच्या ओल्या मनगटाला लावून पाहिलं, परत भिंतीला लावलं. काटा जागचा हलला नाही.

"ठणठणीत कोरडी," तो म्हणाला. आवाज एकदम खाली आला होता. "या गावात चाळीस वर्षं काम करतोय, ताई. एवढी कोरडी भिंत... पाहिली नाही."

तेव्हा ताईंच्या लक्षात आलं. रोज बघूनही दिसलं नव्हतं. भिंतभर बुरशीचे काळे डाग होते, पण मधला एक चौकोन स्वच्छ होता. कडा अगदी सरळ, कात्रीनं कापल्यासारख्या. चार फूट बाय साडेतीन, त्यांच्या नजरेनं सांगितलं. अंगावर सर्रकन काटा आला, पण त्यांना वाटलं तो आनंदाचाच. पहिल्यांदा स्वतःच्या खिडकीचं माप घेत होत्या ना.

चार दिवसांच्या उन्हासाठी तीन आठवडे वाट पाहावी लागली. ऊन पडलं तसं घर नुसतं गाजू लागलं. एकेक जुनी चौकट कुरकुरत निघाली, एकेक नवी पांढरीशुभ्र बसली. प्रत्येक खिडकीनंतर ताई ती दहा वेळा उघडायच्या, मिटायच्या. शेंग टाळ्या वाजवायची. यजमानांनी चक्क रजा टाकली होती. चौथ्या दिवशी दुपारी, लख्ख उजेडात, सहाव्या खिडकीची पाळी आली.

मिस्त्रीनं छन्नी लावली. गिलावा पापुद्र्यासारखा सुटला. मागे एकेरी विटांचा थर होता, तोही सहज निघाला, जणू कुणाला तो फार दिवस टिकायला नकोच होता. वरच्या चार ओळी निघाल्या आणि मिस्त्रीचा हात थांबला.

"अहो... इकडे या जरा."

विटांमागे खिडकी होती. जुनी लाकडी चौकट, मिटलेले पल्ले, काचा शाबूत. धुळीचा कण नाही. आणि काचेपलीकडे, वीतभर अंतरावर, बाहेरच्या विटांचा दुसरा थर. म्हणजे दोन भिंतींच्या मधे, वीतभर पोकळीत, ही खिडकी कोंडलेली होती.

"केवढी सुंदर आहे!" ताई पुढे सरकल्या. आणि मग त्यांनाही ते दिसलं.

डाव्या पल्ल्याच्या काचेवर धुक्याचा एक वाटोळा डाग होता. बशीएवढा. बघता बघता तो आक्रसला, वाटीएवढा झाला, नाहीसा झाला. थोड्या वेळानं परत उमटला. वाढला. आक्रसला.

मिस्त्रीनं फडक्यानं काच पुसली. डाग तसाच.

"पलीकडून आहे," तो पुटपुटला. "हवा... हवा बदलली ना आतली... म्हणून..."

यजमान काचेजवळ गेले. बर्फ आणि काच यांच्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. ते बराच वेळ बघत राहिले.

"गार काचेवर दव धरतं," ते हळूच म्हणाले. "धरतं आणि राहतं. असं... येत-जात नाही."

इतक्यात पाठीमागून ती चाल ऐकू आली. दोन छोटे आत, एक शिट्टीचा बाहेर. धुळीनं शेंगेला दमा उठला होता. ताई वळल्या, दम्याच्या औषधाचा पंप तिच्या तोंडाला लावला, पाठ चोळू लागल्या. पण शेंगेची नजर काचेवर खिळली होती. डाग हळू वाढत होता, हळू विरत होता. आणि बघता बघता पोरीचा श्वास त्याच्या चालीवर येऊ लागला. शिट्टी बारीक झाली. थांबली.

"बघ," ती म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "मी सांगत नव्हते? बाहेरची भिंत पण काढा ना, आई. तिला यायचंय."

"कुणाला गं?"

शेंग नुसती हसली.

यजमानांनी ताईंना बाजूला घेतलं. "मी काय म्हणतो, परत विटा लावून टाकू. त्या नकाशावर लिहिलं होतं ना... आतून विनंती..."

"आणि पोरीला झोपवू कुठं? स्वयंपाकघरात?" ताई म्हणाल्या. त्यांच्या छातीत भीतीपेक्षा वेगळंच काहीतरी उसळत होतं. जत्रेतल्या उंच पाळण्यात बसल्यासारखं. "डॉक्टरीणबाई म्हणाल्या हवा द्या. काय असेल नसेल ते उजेडात येऊ दे एकदा. काका, फोडा बाहेरनं."

मिस्त्रीनं आतल्या उरलेल्या विटा उतरवल्या आणि शिडी घेऊन तो घरामागे गेला. पहिला घाव पडला आणि काचेवरचा डाग दचकल्यासारखा झाला. दुसरा घाव. तिसरा. डाग आता भराभर येत-जात होता, लांबून धावत आलेला माणूस दारात उभा राहून धापा टाकतो ना, तसा. पल्ले खडखडू लागले. शेंग पलंगावर गुडघे टेकून पुढे झुकली होती, तोंड उघडं.

"काका, जपून..." यजमान ओरडले.

वीट आत पडली. उजेडाची तिरीप आली, आणि पल्ले आपोआप उघडले. एक गार, कोरडा झोत खोलीत शिरला. तो बाहेरून आला की मधल्या पोकळीतून, ताईंना सांगता यायचं नाही. त्यांना एवढंच दिसलं की दाराचा पडदा हलला नाही, वहीचं पान हललं नाही, फक्त शेंगेचे केस मागे उडाले. आणि पोरीनं श्वास घेतला. घेतला, घेतला, घेतच राहिली. ताई टाके मोजायच्या सवयीनं मनात मोजत होत्या. नऊ, दहा, अकरा... एवढा श्वास त्या छातीत मावणार कुठं?

तो तिनं सोडला कधी, ते ताईंनी पाहिलं नाही. कारण त्याच क्षणी घरातली सगळी दारं एकामागून एक धाडधाड आपटली आणि सगळे दचकून तिकडे वळले. परत पाहिलं तर शेंग खळखळून हसत होती, गाल लालबुंद.

"काय मस्त वाटतंय, आई!"

पोकळीत काही नव्हतं. मिस्त्रीनं हात घालून सगळा कोपरा न् कोपरा चाचपला. कोरड्या विटा, बस. तो ओशाळून हसला, यजमान हसले, ताई तर हसता हसता रडल्या. संध्याकाळच्या आत नवी खिडकी बसली. उतार, भोकं, सीलंट, सगळं वहीतल्यासारखं.

आणि घर बदललं. भिंती आठवड्यात वाळल्या. डाग पांढरे पडून झडून गेले. मीठ सुटं राहू लागलं. कार्यालयातून तपासनीस बाई आल्या, त्यांनी सहाही खिडक्या उघडून पाहिल्या आणि म्हणाल्या, "इतकं चोख काम मी वर्षभरात पाहिलं नाही." ताईंनी शेंगेच्या खिडकीला पिवळा पडदा शिवला, झालर लावली, दोनदा उसवून परत लावली. शेंग धावायला लागली. जिना नाही, चढ नाही, काही अडेना. पंप खणात पडून राहिला. डॉक्टरीणबाईंनी तिच्या छातीला नळी लावली, पाठीला लावली, परत छातीला लावली.

"कमाल आहे," त्या म्हणाल्या. "इतकी शांत छाती मी ऐकलेली नाही."

ताईंनी त्यांना नवा पडदा शिवून द्यायचं कबूल केलं. पावलं जमिनीवर ठरत नव्हती त्यांची.

मग एक दिवस, दुपारीच, पाऊस लागला. वारा नव्हता, सरळ रेघांचा संथ पाऊस. ताई शेंगेच्या खोलीत बसून एका गिऱ्हाइकाच्या पडद्याची दुमड घालत होत्या. यजमान सुट्टीवर. बापलेकीचा खिडकीशी खेळ चालला होता. यजमानांनी गार काचेवर "हाऽऽ" केलं, धुकं धरलं, त्यात बोटानं मासा काढला.

"आता मी!" शेंग म्हणाली. तिनं तोंड काचेला भिडवलं. "हाऽऽ."

काच स्वच्छच राहिली.

"मोठ्यानं कर," यजमान म्हणाले.

"हाऽऽऽ!"

काही नाही. पलीकडचा पाऊस लख्ख दिसत होता.

"माझं येतच नाही, बाबा," ती हसत म्हणाली. "काच नवी आहे ना!"

यजमान हसले नाहीत. त्यांनी एकदा स्वतःच्या माशाकडे पाहिलं, एकदा लेकीच्या ओठांकडे. मग ताईंकडे. चेहरा बर्फासारखा.

ताई उठल्या. मांडीवरचा पडदा खाली घसरला. त्या लेकीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या, काचेतून बाहेर बघत. बाहेर कुणी नव्हतं. ओलं गवत, कुंपण, पाऊस.

आणि मग काचेवर एक डाग उमटला. छोटासा, धुरकट, शेंगेच्या ओठांच्या बरोबर समोर. यजमानांनी तो चटकन पुसला. पुसला गेला नाही. तो बाहेरच्या बाजूनं होता.

शेंग शांतपणे त्याच्याकडे बघत होती. तिचे खांदे हलत नव्हते.

डाग उमटत होता, विरत होता. दोन छोटे, भराभर. आणि मग एक लांब, थरथरता, शिट्टीचा...